भाऊबीजेचा उपाशी पाहुणा

मंडळी, अभंग झाला, निरूपण झालं, पेटीवाल्या केशवरावांची बोटंही आता सैल झाली. आता आख्यान! पण त्याआधी एक प्रश्न. मला स्वतःला तो नीट सुटलेला नाही, म्हणून तुमच्यापुढे ठेवतो. आपलं माणूस — रक्ताचं, मायेचं — तेच आपल्याला खायला उठलं, तर त्याला दार उघडावं, की लावून घ्यावं?

लगेच उत्तर देऊ नका! ऐका आधी.

कथा पुराणातली नाही. मी पोथ्यांतला माणूस, माझी वाट चुकली तर सांभाळून घ्या. रोज साडेआठ वाजले की देवळातल्या मागच्या रांगा रिकाम्या होतात. मला वाटायचं, माझं कीर्तन रटाळ होतंय. ते असेलही! पण सून म्हणाली, "बाबा, ते सगळे सिरियल बघायला जातात." काल कीर्तनाला सुट्टी होती. म्हटलं, बघू तरी, माझी माणसं कोण पळवतंय! तर कोण निघालं? रक्त पिणारा माणूस! नातू म्हणतो व्हॅम्पायर. आपण रक्तपिशाच म्हणू.

कोण हसलं? आक्का, तुम्हीच ना? हसा. थोड्या वेळानं हसू येणार नाही.

तर घाटाच्या पायथ्याशी एक गाव. तिथं कुमुदिनी आणि तिचा नवरा अच्युत, शाळेत मास्तर. कुमुदिनीचे आईवडील लहानपणीच गेले. तिला वाढवलं कुणी? मोठ्या भावानं, भार्गवनं. स्वयंपाक तो करायचा, तिची वेणीही तोच घालायचा — वाकडी! शाळेत पोरी हसायच्या. पण ही एकदासुद्धा त्याला म्हणाली नाही, की दादा, नीट घाल.

तो भार्गव लाकूडतोडीच्या कामाला वर जंगलात गेला आणि परत आला तो असा होऊन. आधी गोठ्यातली जनावरं मेली. मग एक माणूस ओढ्याकाठी सापडला, अंगात रक्ताचा थेंब नाही. आता या पिशाचाला एक नियम आहे. घरातल्या माणसानं नावानं बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. पण एकदा बोलावलं, की ते बोलावणं मागे घेता येत नाही!

अच्युत बायकोला म्हणाला, "कुमुद, तुझा भाऊ मेला असं समज. तू रड, मी अडवणार नाही. पण त्याला घरात घेऊ नकोस."

आणि आली भाऊबीज! ज्यांना भाऊ नाही, त्या बायका काय करतात, आक्का?

— "चंद्राला ओवाळतात, बुवा."

बरोबर. कुमुदिनी संध्याकाळी तबक घेऊन अंगणात आली. बीजेचा चंद्र तो, नखाएवढा. तिनं निरांजन उचललं — आणि फणसामागून आवाज आला.

"कुमू, चंद्राला कशाला? मी आहे ना."

"दादा!"

"जवळ नको येऊस. इथंच बरा आहे मी."

"किती वाळलास रे!"

"आणि तू किती सुटलीस!"

"दिवाळी आहे! एवढा फराळ कोण संपवणार मग?"

दोघंही हसले, मंडळी. मला भीती वाटली ती इथं! पिशाचानं दात दाखवले तर माणूस पळतो. ते ओळखीचं हसलं तर काय करायचं?

आतून अच्युतनं विचारलं, "कुमुद, कोणाशी बोलतेस?"

"चंद्राशी!" म्हणाली. संसारातलं पहिलं खोटं. मग तिनं काय केलं? मोठी हुशारी केली! पाटच अंगणात आणला. भाऊ उंबऱ्याच्या बाहेर, ओवाळणी उंबऱ्याच्या बाहेर, म्हणजे नियमही मोडला नाही आणि भाऊबीजही चुकली नाही! आपणही असंच करतो. धोका आत घेत नाही, फक्त अंगणात त्याच्यासाठी पाट मांडतो.

तो बसला. तिनं कुंकू लावलं. कपाळ ओल्या दगडासारखं गार! ओवाळलं, अक्षता टाकल्या, करंजी भरवली. त्यानं घास तोंडात घोळवला आणि थुंकून टाकला.

"रागावू नकोस गं. सगळं मातीसारखं लागतं."

"मग काय खाणार तू?"

तो तिच्या मनगटाकडे बघत राहिला. मग चटका बसल्यासारखा पाटावरून उठला.

"झालं, ओवाळलंस. आता आत जा, कडी घाल. मी बाहेरून कितीही हाका मारल्या तरी मला बोलावू नकोस."

"भाऊबीजेला बहिणीच्या दारातून उपाशी जाणार?"

"जातो. जाऊ दे."

"मी उपाशी झोपू नये म्हणून तू पाणी पिऊन झोपलास, आणि मी तुला असाच पाठवू?"

"कुमू, पाया पडतो तुझ्या. बोलावू नकोस!"

ऐकलंत? पिशाच सांगतंय! त्या सगळ्या गोष्टीत खरं बोलणारा तो एकटा होता. आणि माया काय करते? माया ऐकून घेत नाही! ती उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली, डोळे पुसले आणि म्हणाली —

"भार्गवदादा, आत ये."

आला! यावंच लागलं त्याला.

स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं, बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला. "घे. माझं आहे, मी देतेय. ह्यांना कळायचंसुद्धा नाही." तो रडत होता, मंडळी. रडत होता आणि पीत होता! तिला वाटलं, दोन घोट घेईल, मला पांढरी पडलेली बघेल आणि थांबेल. माझा दादा आहे, थांबेल! पण पीत होती ती भूक. दादा कुठे होता तिथं? ती खाली कोसळली, तिच्याबरोबर तांब्या पडला. आवाज ऐकून अच्युत धावत आला. त्यानं भार्गवचा खांदा धरून ओढला, "सोड तिला!"

त्यानं सोडलं तिला. आणि याला धरलं.

कुमुदिनीनं डोळे उघडले तेव्हा अच्युत भिंतीशी पडला होता, चष्मा एका कानावर लोंबत होता. आणि भार्गव त्याचं डोकं मांडीवर घेऊन भांड्यानं त्याला पाणी पाजत होता. "प्या ना, दाजी. थोडं प्या. दाजी..." पाणी गालावरून ओघळत होतं.

ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "दादा, उद्या पुन्हा भूक लागेल तुला?"

त्यानं मान हलवली. लागेल.

आणि तिला आता "जा" म्हणता येत नव्हतं!

इथं भाग संपला आणि लागली साबणाची जाहिरात! नाचत होती माणसं फेसात! सून म्हणाली, "बाबा, चहा करू?" मी उठलो आणि आधी दाराची कडी बघून आलो.

आता माझा प्रश्न. दार उघडावं की नाही? कुणी म्हणाल, यम नाही का जात बहिणीकडे जेवायला? भाऊबीज त्याचीच! जातो. पण मला आपलं वाटतं, हं, कुठल्या पोथीचा आधार नाही याला — तो आपला पाश अंगणात ठेवून जात असेल. माणूस आत घ्यावा, मंडळी, त्याचा पाश घेऊ नये. त्याला बसवावं, ओवाळावं, त्याच्यासाठी रडावं. पण त्याच्या भुकेला आपलं मनगट देऊ नये. ती आपल्यावर थांबत नाही, पुढे आपल्या माणसांवर जाते.

झालं का समाधान? माना तर डोलताहेत. आक्कांना आपला पिणारा दीर आठवला असेल, कुणाला उधळ्या मुलगा. ऐकताना सगळे कुमुदिनी झालात ना? मीही झालो होतो! मग आज पहाटे मला घाम फुटला, की मी भार्गव का नाही झालो? आणि इथं बघा, एवढ्या सभामंडपात एकजणसुद्धा भार्गव झाला नाही? मग इतक्या घरांतली माणसं वाळली कशानं? तुमच्या रागाला, तुमच्या हट्टाला, माझ्या या अबोल कुढण्याला रोज कोण हात पुढे करतं? ते माणूस कितीदा "असू दे" म्हणालं आणि आपण रडत रडत पीत राहिलो?

त्या पिशाचाला निदान एकदा "बोलावू नकोस" म्हणता आलं. आपण तेवढंही म्हणत नाही.

उठा, मंडळी. आरती पेटली आहे. ज्योतीवर दोन्ही हात धराल, तेव्हा लगेच डोळ्यांना लावू नका. आधी त्या उजेडात ते हात नीट बघा.