होडीवरचे स्टिकर

स्प्रेने गंज निघतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. निष्ठाही निघते, हे मी पुणतांब्यात पाहिले.

आमचे नावाडी किसनराव घराच्या दारावरचे आणि फ्रीजवरचे स्टिकर काढून आता होडीवर स्प्रे मारून स्टिकर खरवडत होते.

"एवढी घाई कसली?"

"गुरुजी, आमदारसाहेबांनी पक्ष बदलला. आज अकरा वाजता माझ्याच होडीत बसनार हायेत. जुनं चिन्ह दिसलं, तर आपला घाट मंजूर हुतोय व्हय?"

एक स्टिकर निघाला. खाली दुसरा, त्याखाली तिसरा. चेहरा तोच, चिन्हे निराळी. अखेर होडीची मूळ अक्षरे उमटली: 'गोदामाई प्रसन्न'.

किसनराव थबकले. "हे बी काढू का? साहेबांना चालंल ना?"

"राहू द्या," मी म्हणालो. "ती रोज वाहते, तरी तिने कधी पक्ष बदलला नाही."