मंगळवारी काट्यावर कोण?

मंडळी, वहिनी, आणि वरंधहून मुद्दाम आलेले आबा. दत्ताच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंय, आणि मला बोलता येतं ते फक्त ओरडून. आमची महाडची भाताची गिरणी तुम्हाला ठाऊक हाय. तीस वर्षं मी आणि दत्ता भागीदार. आता मी एकटा. हे वाक्य घरी चार वेळा म्हणून बघितलं, तरी अजून खोटंच वाटतंय.

दत्तानं गिरणीत कॉम्प्युटर आणला तेव्हा मी भांडलो. कुठल्या गावाचं किती भात आलं, कुठल्या वाणाची कणी जास्त पडली, वजनकाट्यावर कोण होतं, सगळं तो त्यात भरायचा आणि दर सोमवारी रंगीत रिपोर्ट भिंतीला लावायचा. मी विचारलं, हे सॉफ्टवेअर केवढ्याचं? बोलला, फुकट. म्हटलं, फुकट देणारा हा शहाणा कोण? तर बोलला, एकाचं नाय रे, जगातली माणसं मिळून करतात, सगळ्या वाडीनं येऊन एकाचं घर शाकारावं तसं. आतलं सगळं उघडं असतं, कुणीही बघावं, हवं तर बदलावं. मी म्हटलं, दत्ता, झाकली मूठ सव्वा लाखाची, आपल्याला उघडं काय नको. तो नुसता हसला. तो हसला की माझं डोकं आणखी फिरायचं.

पण मी काय मागं राहतोय? दसऱ्याला यंत्रांबरोबर कीबोर्डचीही पूजा केली. हळद, कुंकू, वर अक्षता. चार बटणं कायमची बसली. दत्तानं नवा कीबोर्ड आणला, आणि पुढच्या दसऱ्याला पूजेला जुनाच काढून दिला.

रिपोर्टात प्रत्येक गावाच्या भाताचा एक उभा खांब असायचा, त्यात वरंधचा खांब मात्र बुटका होत चालला. मी कारणं सांगायचो. रस्ता खराब, पाऊस फार, पलीकडची गिरणी गोड बोलते. एक दिवस दत्ता बोलला, बबन, तुझी कंबर दुखते, मंगळवारी काट्यावर मी बसत जाईन. मला किती बरं वाटलं! वरंधची माणसं मंगळवारीच महाडला येतात, हे डोक्यातच आलं नाय. खांब वाढला. मी म्हटलं, बघ, रस्ता सुधारला.

गेल्या सोमवारी त्याची मुलगी, मानसी, रिपोर्ट काढायला बसली आणि तिनं मला हाक मारली. बोलली, काका, काट्यावर कोण होतं तो रकाना भिंतीवरच्या कागदावर येऊ नये, अशी सोय बाबांनी केलीय. आत त्या ओळीशेजारी लिहिलंय, "बबनला दाखवू नये. वाईट वाटून घेईल."

म्हटलं, दाखव गो. दाखवला. मी काट्यावर असलो की वरंधचं एक पोतं नाय. दत्ता असला की दारात गर्दी.

मंडळी, रडलो मी. दत्ता गेला त्या दिवशी रडलो नव्हतो इतका.

आबा, मी तुम्हाला चारचौघांत बोललो होतो, भात आणलंत की ओला पेंढा. मी विसरलो. तुम्ही कसं विसराल, आणि तुमच्या शब्दावर चालणारं गाव तरी कसं विसरेल? आता दत्ता नाय. वरंधनं पाठ फिरवली तर गिरणी बंद पडेल, ते खरं हाय. पण त्यासाठी बोलत नाय. चुकलो मी, आबा. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो.

तो रकाना आता माझ्या नावासकट भिंतीवर लागेल. मानसीला तसं सांगितलंय. मंगळवारी काट्यावर मी बसणार हाय. भात ओलं असलं तरी या.

आता दत्तासाठी दोन मिनिटं शांत उभं राहू. तीस वर्षांत त्यानं मला दोन मिनिटं गप्प बघितलं नाय. आज बघू दे.