पान उघडत नाई

हेमराज : पाय, पुन्हा तेच. 'हे कनेक्शन सुरक्षित नाही.' रातच्या अपडेटनं ब्राऊझरचा पार सत्यानाश केला.

रुपा : दुसऱ्या ब्राऊझरमधी उघडून पाहा न.

हेमराज : पाह्यलं. कॅशे साफ केली, काढून पुन्हा टाकलं. आता काय कॉम्प्युटरले नारळ फोडू?

रुपा : पाच वाजता साईट बंद होते वो. गडचिरोलीले नर्सची नेमणूक आहे माही, 'स्वीकार' दाबलं नाई तं जागा खालच्या नंबरवाल्या बाईले जाईन.

हेमराज : सकाळपासून तेच ऐकून राह्यलो.

रुपा : मोबाईलवर तं थे पान उघडतच नाई. निकेशच्या दुकानात जाऊ का?

हेमराज : जा न! साऱ्या सेलू गावाले कळू दे. नवऱ्याचं सोताचं ऑनलाईन सेंटर, आन् बायको दुसऱ्याच्या दुकानात लाईन लावते. जाता जाता माह्या शटरले कुलूप लावजो.

अन्नपूर्णा : चहा आनला रे हेमराज. झालं का रुपाचं?

हेमराज : कायचं होते, माय. मशीनच रुसली.

अन्नपूर्णा : आता वं! सकाळी तं चांगली होती. अण्णाजीचा पेन्शनचा दाखला काढून देला न तुनं. किती आशीर्वाद देत गेले बिचारे.

रुपा : सकाळी? कवा, आत्याबाई?

अन्नपूर्णा : तू नळावर गेलती तवा.

हेमराज : माय, तू घरात जा. तुले काई समजत नाई त्यातलं.

अन्नपूर्णा : जातो बाप्पा. माह्या तोंडाले कुलूप.

रुपा : सरका जरा.

हेमराज : काय करून राह्यली?

रुपा : हे पाहा, कोपऱ्यातली तारीख. मागच्या वर्षाची आहे. तारीख मांगं गेली का कोनतीच साईट उघडत नाई, हे तुमीच शिकवलं मले.

हेमराज : अपडेटनं झालं असन.

रुपा : अपडेट रातीच झालं. अण्णाजी सकाळी आलते. त्याइचा दाखला निघाला, मंग तारीख कोनं फिरवली? (ती तारीख नीट करते.)

हेमराज : नवऱ्यावर संशय घेतं? झाली न नीट? उघडलं न पान? दाब मंग.

रुपा : ओटीपी मागते. तुमच्या फोनवर आला असन.

हेमराज : माह्या?

रुपा : लग्न झाल्यापासून माह्या सगळ्या फारमावर तुमचाच नंबर टाकला तुमी. बाईमानसाचा नंबर लोकायले काऊन द्या म्हने. सांगा लवकर.

हेमराज : घाई काऊन करतं? गडचिरोलीच्या जंगलात एकटी राहशीन? दुकानात कोन बसन? मायच्या भाकरी कोन टाकन?

रुपा : हे कालपर्यंत नाई बोलले! यादीत नाव आलं तं हार घालून फोटो काढले, गावभर पेढे वाटले.

हेमराज : वाटले न. लोक म्हनते, नवरा असावा तं हेमराजसारखा.

रुपा : पाया पडतो तुमच्या. रात रात जागून अभ्यास केला म्या, मले जाऊ द्या. आकडे सांगा.

हेमराज : बरं, टाक. चार, सात, एक, एक, नऊ, दोन.

रुपा : चुकीचा म्हनते.

हेमराज : थांब... शेवटी तीन दिसते.

रुपा : हाई चुकला! फोन द्या माह्याजवळ. आता एकच डाव राह्यला, मंग खातं उद्यापर्यंत बंद होते.

हेमराज : फोनले हात नाई लावायचा. हा पाय, नवीन आला. पाच, शून्य, आठ, दोन, दोन, सहा. टाकतं का राहू देऊ? पाच वाजून राह्यले.

रुपा : खरा आहे न?

हेमराज : मायची शपथ.

(ती आकडे टाकते. भिंतीपलीकडे अन्नपूर्णा भांडी घासते आहे.)

रुपा : खातं बंद झालं.

हेमराज : अरे, अरे. सरकारी साईट अशीच असते.

रुपा : मायची शपथ घेतली तुमी. थे आतमधी बसली आहे, जिती.

हेमराज : चहा पी. आन् तुह्या बापाले फोन करशीन तं अपडेटचंच सांगजो. म्या तुले एकदाई नाई म्हटलं नाई.