बॅशचा निकाल

बातमी आली तो अगदी साधा मंगळवार होता. सकाळी अण्णाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला. पेपरात एखादा इंग्रजी शब्द खटकला की तो मला त्याचं मूळ विचारायचा. दोघांनी अंदाज करायचा आणि रविवारी मंडी मोहल्ल्यात त्याच्या घरी बाबांच्या जुन्या डिक्शनरीत निकाल बघायचा. त्याआधी मोबाइलमध्ये डोकावणं म्हणजे लबाडी.

"बॅश," तो म्हणाला. "म्हणजे जोरात हाणणं. आला कुठून?"

"जर्मनमधून असेल."

"अय्यो, सुम्ने, उगाच काहीतरी बोलू नकोस! ऐक." त्याने टेबलावर मूठ आपटली. "आवाजातूनच आलाय."

"अण्णा, शब्द टेबलावर जन्मत नाहीत. तीस वर्षं इंग्रजी शिकवलंस की सुतारकाम?"

तो खूप हसला. "रविवारी कळेल, शहाण्या."

दुपारी वहिनीचा फोन आला. जेवून उठताना अण्णा कोसळला आणि डॉक्टर येईपर्यंत गेला होता.

तेराव्यानंतर वहिनीने ती डिक्शनरी माझ्या हातात दिली. मी तिथेच बसून बॅश शोधला. 'बहुधा आवाजावरून' असं लिहिलं होतं.

तू जिंकलास, एवढं अण्णाला सांगायचं राहिलं.