लॉकेट खाली आलं

...अन् तुम्हाला सांगतो, ऑपरेशन पोटाचं, पण चाळणी झाली माझ्या हाताची! पोटातली मोठी रक्ताची नळी फुगल्ती, ती बदलली, बराबर. मंग दर चार तासाला रक्त कशाला? आयसीयूतली नाजिया सिस्टर, आपल्या जुन्या जालन्याचीच पोरगी, माझा जरा डोळा लागला की हजर... "मामू, हात द्या."

डॉक्टर म्हणले, "कारभारी, अशा ऑपरेशननंतर आतड्याला रक्त कमी पडू शकतं. आतडं सडायला लागलं तर कधीकधी रक्तात आधी कळतं. म्हणून रक्तातलं लॅक्टेट बघून राह्यलो." बघा म्हणलं. पुन्हा, "मामू, हात द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर माझ्या खाटेपाशी आले, तोंड पडलेलं. आमच्या उषाबाईला म्हणले, "लॅक्टेट वाढलंय. दुपारपर्यंत खाली आलं न्हाई तर पोट पुन्हा उघडावं लागंल."

आता आमच्या बाईनं काय ऐकलं? लॉकेट! ऑपरेशनच्या आधी माझ्या गळ्यातलं खंडोबाचं लॉकेट काढून तिच्याकडंच दिल्तं. तिनं पिशवीतून काढून डॉक्टरच्या नाकापुढं धरलं, "हे काय, लॉकेट माझ्यापाशी हाय. त्याच्यापायी ह्यांचं पोट कशाला फाडता?" डॉक्टरला हसावं का रडावं कळंना.

मी मात्र भ्यालो. खोटं कशाला बोलू? पुन्हा त्या टेबलावर गेलो तर आपलं गाव, वडीगोद्री, दिसतं का न्हाई, हेच डोक्यात. सिस्टर दारात दिसली अन् तिनं तोंड उघडायच्या आधी मीच हात पुढं केला. "घे बाई, लागंल तेवढं घे."

दुपारी आकडा आला... खाली! संध्याकाळी आणखी खाली! डॉक्टरनं पोट दाबून पाह्यलं, म्हणले, "नुसत्या रक्तावर मी भरवसा ठेवत न्हाई, पण पोटही मऊ हाय. आतडं शाबूत हाय, कारभारी." अन् तिसऱ्या दिवशी माझं वारं सरलं, असं दणक्यात, की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनं डोळे उघडले. नाजिया म्हणती, "मुबारक, मामू!" आयुष्यात ह्या कामाची शाबासकी मिळाली न्हवती, तुम्हाला सांगतो.

आता घरी आलो. हसनाबादहून पुंजारामभाऊ भेटायला आले, बसायच्या आधी विचारतेत, "कारभारी, लॉकेट पोटात राह्यल्तं म्हणं?" मी काही बोलायच्या आत चुलीपासून उषाबाई, "मी येळेवर दाखवलं म्हणून वाचले."

चार तासाला रक्त मी दिलं, हात माझा सुजला... पण कोणाकोणाला समजावू? आता गळ्यातलं लॉकेट बाहेर काढतो अन् दाखवतो. लोक पाया पडतेत. माझ्या न्हाई वो, लॉकेटच्या.