खिंडीतली न्याय्य अट

अन्याय? कोणावर अन्याय झाला? बसा आधी, उभ्या उभ्या भांडू नका — ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय — हां, इथं बसा. तर तुमचं म्हणणं काय, की या डावात तुमचे लोक कड्यावर दबा धरून बसणार, सरदार आपली तीनशे माणसं आणि गाडे घेऊन खालून खिंडीत शिरणार, तुम्ही वरून दगड लोटणार, तुकडीच्या तुकडी कापून काढणार, आणि शेवटी जिंकला कोण, तर सरदार! तो तर मेला, मग जिंकला कसा? अहो, परगावचे आहात म्हणून विचारताय. आमच्या गावात जिंकायचं तर आधी मरावंच लागतं. चौकातले पुतळे बघितलेत ना येताना? एक तरी अंथरुणावर म्हातारा होऊन मेलेला आहे का त्यात?

हसताय ते बरं आहे, पण ऐका. ही खोली वखारवाल्या साहेबांची. खाली त्यांची करवत चालते, वर आमचं युद्धखेळ मंडळ — करवत सुरू झाली की पटावरचं सैन्य थरथरतं, नवीन माणसाला वाटतं मुद्दामच तशी सोय केली आहे. आता हा सरदार म्हणजे साहेबांचा मूळ पुरुष. उद्या त्या लढाईला दोनशे वर्षं होतात, म्हणून सगळ्या गावासमोर डाव मांडायचा, आणि सरदाराच्या बाजूनं खुद्द साहेब खेळणार. हरले तर खोली काढून घेईन असं काही ते म्हणाले नाहीत. सभ्य गृहस्थ आहेत. परवा आले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून बघितलं आणि म्हणाले, फळ्या इथं छान राहतील, नाही? बस्स, एवढंच. समोरच्या बाजूनं खेळायला आमचे शिंपीमास्तर तयार होते, पण त्यांचे पूर्वज कड्यावर! ‘आमच्या माणसांनी दगड लोटायचे आणि तुम्ही त्यांनाच हरवताय?’ असं म्हणून सोंगट्या माझ्या अंगावर टाकून गेले. तेव्हा आता तुम्ही. तुम्ही नाही म्हणालात तर डाव नाही, डाव नाही तर मंडळ नाही, आणि मंडळ नसलं की मी सबंध दुपार घरी — ते माझ्या बायकोला विचारा, नुसत्या कल्पनेनं ती माहेरची पिशवी भरायला घेते.

नाही नाही, अटी मी मनाला येईल तशा नाही लिहिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेले नियम फायलीला लावले, आता कुठं स्वतः करायला मिळाले, तर हयगय करीन? पहिली अट अगदी सरळ होती. छाप्यात सापडलेल्यानं छापा घालणाऱ्याला हरवावं ही अपेक्षाच चूक — त्यानं इतिहासात झालं त्यापेक्षा थोडं बरं करून दाखवावं, की झाला त्याचा विजय. इतिहासात सरदाराची चाळीस माणसं वाचली. साहेबांनी पन्नास वाचवावीत. न्याय्य आहे की नाही? आहे ना? सरावाला बसलो, तर साहेबांनी दोन फेऱ्यांत सगळी मारून ठेवली. मग अट केली, दहा वाचवा. तीही गेली. मग एक गाडा. मग एक बैल! बैलसुद्धा वाचेना हो त्यांना — कारण मागं फिरायचं नाही, टेहळणीला माणूस पाठवायचा नाही, आमचे मूळ पुरुष भित्रे नव्हते म्हणतात. मग मी काय करू? शेवटी लिहिलं, सरदार शत्रूकडे तोंड करून पडला तर शंभर गुण, म्हणजे डाव त्याचा. आता शत्रू दोन्ही कड्यांवर, म्हणजे कुठंही तोंड करून पडा — चुकायची सोयच ठेवली नाही. आणि शिंपीमास्तर तरी कुठले साधे? त्यांना हवं होतं की कड्यावरचा एकही माणूस मरू नये, आणि मेलाच तर तो पाय घसरून मेला असं धरावं. मला असा एक दाखवा, ज्याला झालं तसं खेळायचंय! ज्याच्या त्याच्या पाठीशी त्याचा खापरपणजा उभा. मी आपला कोरडा, माझं त्या खिंडीत कोणी नाही, म्हणून तर नियम माझ्याकडे आले.

काय? — हो, धुक्याचा नियम. ‘दाट धुक्यामुळे तुकडीने पहिल्याच फेरीत खिंडीत शिरले पाहिजे.’ त्याचं काय? इतिहासाच्या पुस्तकात धुकं नाही? नसेल. पुस्तक लिहिणारा काय तिथं हवामान बघत बसला होता? अहो, तुम्हीच विचार करा — खेळणाऱ्याला पटावर कडे दिसताहेत, डावाचं नावच छापा, तो आपण होऊन शिरेल का आत? त्याला ढकलावा लागतो. आणि ढकलायला धुक्यासारखं दुसरं काही नाही. धुक्याला वंशज नसतात, कोणी भांडायला येत नाही. उन्हाळा? लढाई ऐन उन्हाळ्यात झाली हे तुम्हाला कोणी — हो, वर तारीख मीच घातली आहे. पडतं हो एखाद्या वर्षी उन्हाळ्यात धुकं! आणि पडलं नसलं, तरी सगळं खापर त्या बिचाऱ्या वाटाड्यावर फोडण्यात काय —

वाटाड्या? तुम्ही म्हणालात ना आत्ता? नाही? मग मी म्हणालो असेन. विशेष काही नाही. होता एक. तुकडीपुढं चालत होता, जवळची वाट दाखवतो म्हणाला, खिंडीच्या तोंडाशी आला आणि ‘आलोच’ म्हणून झुडपामागं गेला, तो गेलाच. आता माणसाला झुडपामागं जावं लागतं. त्यात गुडघ्यांनी बेजार, आमच्याकडे चाळिशी आली की सगळ्यांचेच गुडघे — म्हणजे त्या काळी सगळ्यांचेच. असं काय बघताय? माझी मुलंही लहानपणी अशीच बघायची. सगळं जग निघताना ‘येतो’ म्हणतं, मग आपल्याच घरात तोंडावर ‘जातो’ म्हणून का निघायचं, म्हणून विचारायची. घराण्याची रीत आहे म्हणून गप्प केली. आमच्या वडिलांनी मला तसंच केलं होतं.

ती सोंगटी कशाला उचललीत वाटाड्या म्हणून? डब्यात टाका. टाका म्हणतो ना! — हा पटावर असेल तरच खेळणार? बरं. ठेवा. गाड्यांच्या पुढं — एवढा पुढं नको, जरा बाजूला, झाडाआड — बरं, पुढं तर पुढं. पण एकदा पटावर आला की त्यालाही विजयाची अट द्यायला हवी, त्याच्यावर मात्र अन्याय चालेल असं नाही. लिहितो, अर्ध्या मिनिटाचं काम. ‘वाटाड्या जिवंत घरी पोचल्यास —’ पोचला तो. पोचला, जेवला, नातवंडं बघितली त्यानं. म्हणजे मग जिंकला? तीनशे माणसं आत घालून? छे. ‘न पोचल्यास —’ न पोचता तर आम्ही कुठून आलो असतो? ‘घरी पोचल्यास, परंतु —’ परंतु काय? तुम्ही सांगा. मघापासून न्याय-अन्याय करताय, आता बोला की!

उठलात? बरं, जा तुम्ही. डाव उद्या दहाला आहे, आणि मला अजून हे लिहायचंय.