कुंडीतले खेकडे

वच्छला : ठेव वं ते कुंडी खाली, अपेक्षा. परवाच तं पुण्याहून आली, अन् मातीत काय उकरून राहिली?

अपेक्षा : भेटला, आई, बाबांचा कुंडीतला बारीक खेकडा! बघ, बोट लावलं तर कशी गोळी झाली त्याची.

वच्छला : नको नेऊ त्यायच्यासमोर. तुयं नाव आठवत नाही तुया बाबाले, अन् तू किडा दाखवाले निंगाली!

अपेक्षा : किडा नाही म्हणायचं. बाबा ऐकतील.

वच्छला : ऐकून झापलं असतं तं मी देवाले नारळ फोडला असता. सारी नोकरी शाळेत हेच शिकवण्यात गेली. पोट्ट्यायनं पेपरात याले किडा लिहिलं का भोपळा. अर्धं मनीषनगर खेकडेसर म्हणे त्यायले.

अपेक्षा : म्हणूनच. माझं नाव गेलं, जाऊ दे. पण हे त्यांचं सगळ्यात पक्कं आहे. हे नाही जाणार.

वच्छला : अन् गेलं असन तं?

अपेक्षा : तर आत बाबा उरलेच नाहीत, असं समजेन मी.

वच्छला : असं नको बोलू, बाप्पा. मले रोज त्यायच्याच संग राहा लागते.

(अंगणात रुपराव खुर्चीवर बसलेले. अपेक्षा त्यांच्यासमोर तळहात धरते.)

अपेक्षा : बाबा, हे काय आहे सांगा बरं?

रुपराव : उन्हात काहून आणलं याले? सुकून जाईन ना. ओल लागते याले.

अपेक्षा : आई, ऐकलं? ओल कशासाठी लागते, बाबा?

रुपराव : श्वास घ्याले.

अपेक्षा : हो! मग लोक याला किडा काहून समजतात?

रुपराव : लोकं वाकत नाहीत. बारीक दिसलं, कुंडीखालून निंगालं, का झाला किडा. पाय कोण मोजते?

वच्छला : अगं माय! असंच म्हणत वर्गात. अस्संच!

अपेक्षा : मग मोजा ना तुम्ही. किड्याला सहा असतात. याला किती?

रुपराव : एक... दोन... तीन... चार... हे... दोन... तीन...

अपेक्षा : सावकाश. मी धरते.

रुपराव : दोन... नाही. हे हलून राहिलं.

अपेक्षा : चौदा, बाबा. चौदा पाय. खेकड्याच्या जातीचा आहे. तुम्हीच दाखवलं होतं मला, इथंच, नळापाशी. आठवा ना. एकदा तरी म्हणा.

वच्छला : पुरे कर वं. थकून राहिले ते.

रुपराव : तुम्ही कोणाकडल्या, बाई?

अपेक्षा : मी... तुमच्याकडे शिकायला होते, सर.

रुपराव : अस्सं. चांगलं शिकल्या ना?

अपेक्षा : नाही सर. काहीच कामाला नाही आलं.

रुपराव : रडू नका. अन् तो किडा बाहेर टाका तेवढा. आमची पोट्टी आत झोपली हाय. उठली का भेईन ते.

वच्छला : अजी, काय बोलता? ते तं कधी...

अपेक्षा : राहू दे, आई.

वच्छला : अगं, पण...

अपेक्षा : टाकते, सर. ती उठायच्या आत टाकते.